चाकोरी : तिचा उपयोग, तिची अडचण आणि तिच्याबाहेरची वाट

चाकोरी हा शब्द आपल्या भाषेला बैलगाडीने दिला. पावसाळ्यात कच्च्या रस्त्यावरून गाड्या एकामागून एक जाऊ लागल्या म्हणजे चाकांच्या लोखंडी धावांनी मातीत दोन समांतर घळी पडतात. मागून येणारी गाडी आपोआप त्याच घळींत उतरते आणि त्या आणखी खोल होतात. पावसाळा संपून माती वाळली की या खुणा दगडासारख्या घट्ट होऊन बसतात. मग गाडीवानाने कासरा ओढला तरी चाक वर चढत नाही. जुन्या गाडीवानांना एक गोष्ट पक्की ठाऊक असे. चाकोरीत अडकलेली गाडी बैलांना चाबूक मारून बाहेर निघत नाही. त्यासाठी गाडीवरचा भार थोडा उतरवावा लागतो, चाकाखाली दगड किंवा फांद्या द्याव्या लागतात आणि गाडी सरळ न ओढता जराशी तिरकी काढावी लागते.

मनुष्याच्या आयुष्यालाही अशाच चाकोऱ्या पडतात. दहा-पंधरा वर्षे एकच काम, एकच वेळ, एकच रस्ता आणि त्याच त्या गप्पा यांत गेलेल्या माणसाला एके दिवशी जाणवते की, आपण चालत आहोत, परंतु कोठे जात आहोत हे आपल्याला सांगता येत नाही. काम अडत नाही, पगार चुकत नाही, घरही चालते. तरीही मन कशात लागत नाही. शासकीय सेवेतील कर्मचारी, शाळांतील शिक्षक आणि गावाचा कारभार पाहणारे पंचायत सदस्य यांच्या बाबतीत हा प्रश्न केवळ खासगी राहत नाही. ज्या शिक्षकाचे टाचण दरवर्षी तारीख बदलून तेच असते, त्याच्या वर्गातील मुलांनाही त्या चाकोरीची झळ लागते. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यापलीकडे ज्या मासिक सभेत काही घडत नाही, तिचा भुर्दंड साऱ्या गावाला पडतो.

सवयीची दुसरी बाजू

प्रथम चाकोरीची बाजू मांडणे न्याय्य ठरेल. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात सवयीला एक स्वतंत्र प्रकरण दिले आणि समाजाचे गाडे स्थिर गतीने चालते ते सवयीच्या बळावर, असे प्रतिपादन केले. रोजची क्षुल्लक कामे सवयीच्या स्वाधीन केली म्हणजे बुद्धी मोठ्या कामांसाठी मोकळी राहते, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. कार्यालयातील आवक-जावक नोंद, शाळेची घंटा, दवाखान्यातील तपासणीचा क्रम या गोष्टी रोज नव्याने ठरवाव्या लागल्या तर कोणतेही काम उभे राहणार नाही. गाडीवानाचा डोळा लागला तरी बैल गाडी घरी आणतात, ते चाकोरीमुळेच.

तेव्हा दोष नियमितपणाचा नसतो. ज्या हेतूने नियम घातला तो हेतू विसरला जातो आणि नियम तेवढा उरतो, तेव्हा अडचण सुरू होते. नियमित माणूस आणि चाकोरीत अडकलेला माणूस बाहेरून सारखेच दिसतात. त्यांना ओळखण्याचा एक साधा उपाय आहे. गेल्या वर्षभरात आपण प्रथमच केली अशी एक तरी गोष्ट सांगा, असे विचारावे. नियमित माणूस थोडा विचार करून काहीतरी सांगतो. अडकलेला माणूस बहुधा हसून विषय बदलतो.

वसई-विरारचा दिवस

पालघर जिल्ह्यातील वसई-विरार परिसर या विषयाच्या अभ्यासाला फार अनुकूल आहे, कारण येथील लाखो माणसांचा दिवस अक्षरशः रुळांवर बांधलेला आहे. विरारहून मुंबईच्या बॅक बेपर्यंत रोजची गाडी सुरू झाली ती १२ एप्रिल १८६७ रोजी. त्या वेळी दिवसातून एक गाडी जात असे व एक येत असे. आज याच मार्गावरील गर्दी साऱ्या देशात चर्चेचा विषय झाली आहे. २००९ साली चार नगरपरिषदा व त्यांच्या भोवतालची अनेक गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर नोंदली गेली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला.

विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे. घरापासून कचेरीपर्यंत जाऊन-येऊन तीन तास लागतात असे धरले आणि कामाचे दिवस २५० मानले, तर वर्षाला ७५० तास होतात. म्हणजे रात्र आणि दिवस धरून पुरता एक महिना! तीस वर्षांच्या नोकरीत अडीच वर्षे गाडीत जातात. हा हिशेब कोणाला घाबरविण्यासाठी मांडलेला नाही. ज्या वेळेवर आपला काहीच ताबा नाही असे आपण मानतो, ती वेळ किती मोठी आहे हे लक्षात यावे, एवढाच हेतू.

येथील प्रवाशांनी मात्र हे तास पुष्कळ कल्पकतेने वापरले आहेत, हेही नमूद केले पाहिजे. या मार्गावरील गाड्यांत भजनी मंडळे आहेत. टाळ वाजवीत, तालात अभंग म्हणत प्रवास करणारी ही मंडळी एका कचेरीतील नसतात, एका जातीची वा एका गावचीही नसतात. महिलांच्या डब्यात भाजी निवडली जाते, विणकाम होते, परीक्षेचा अभ्यास होतो, हळदीकुंकूही होते. शहाण्या लोकांनी रुळांवरच चाकोरीबाहेरची जागा शोधली, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु चाकोरीचा दुसरा परिणाम असा की, जवळची गोष्ट दिसेनाशी होते. नालासोपारा स्थानकावर रोज गाडी पकडणाऱ्यांपैकी किती जणांनी तेथून जवळच असलेला बौद्ध स्तूप पाहिला असेल? प्राचीन शूर्पारक ते हेच. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले, आणि सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा भागही सोपाऱ्यातच सापडला. वसईचा किल्ला १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकला, हे येथील प्रत्येक शालेय मूल लिहिते; पण तटावरून खाडी पाहिलेली मुले वर्गात किती, याची शिक्षकांनी एकदा विचारणा करून पाहावी.

या भागातील बागायतदाराची कथा निराळी आहे. केळीच्या एका प्रसिद्ध जातीला बसराई हे नाव वसईवरून मिळाले आणि आगाशीकडची सुकेळी दूरवर गेली. केळीच्या या बागा पुढे कमी होत गेल्या. काही विहिरींचे पाणी खारावले, खानदेशातील केळी बाजारात आली, जमिनीला घरबांधणीचा भाव आला. तेव्हा अनेक बागायतदारांनी चाफा, मोगरा, जास्वंद अशा फुलांकडे मोर्चा वळविला आणि पहाटेच्या गाडीने फुलांच्या पाट्या दादरच्या बाजारात जाऊ लागल्या. पिकाची फेरपालट करावी लागते हे शेतकऱ्याला पटवून द्यावे लागत नाही. एकाच पिकाने जमीन दमते हे तो डोळ्यांनी पाहतो. माणूस दमलेला मात्र इतक्या सहज दिसत नाही.

माणूस का अडकतो ?

आळस हे या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर. ते बहुतेक वेळा चुकीचे असते. चाकोरीत अडकलेली माणसे पुष्कळदा इतरांपेक्षा जास्त राबत असतात. त्यांची अडचण वेगळी असते : प्रयत्न केला तरी काही बदलणार नाही, अशी त्यांची मनोमन खात्री पटलेली असते.

१९६७ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन व स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर काही प्रयोग केले. विजेचा झटका ज्यांना काही केल्या चुकविता येत नव्हता, त्यांपैकी अनेक कुत्र्यांनी पुढे सुटकेचा मार्ग खुला असतानाही उडी मारली नाही. ते जागीच पडून राहिले. यावरून असहायता ही शिकलेली गोष्ट आहे, असा सिद्धान्त मांडला गेला आणि तो जगभर शिकविला गेला. पुढे जवळजवळ ५० वर्षांनी, २०१६ साली, याच दोघा शास्त्रज्ञांनी मेंदूविषयीच्या नव्या माहितीच्या आधारे आपलाच सिद्धान्त उलटा केला. दीर्घकाळ त्रास झाला की निपचित पडून राहणे ही प्राण्याची मूळचीच प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावा लागतो तो ताबा. आपल्या कृतीने परिस्थितीत फरक पडतो, हे अनुभवाने कळले तरच प्राणी हालचाल करतो.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. पहिल्या मताप्रमाणे अडकलेल्या माणसाच्या मनातून काहीतरी काढून टाकावयाचे असते. म्हणून त्याला उपदेश केला जातो. दुसऱ्या मताप्रमाणे त्याला काहीतरी मिळवून द्यावयाचे असते, आणि ते म्हणजे स्वतःच्या हाताने घडविलेल्या एखाद्या लहानशा बदलाचा अनुभव. उपदेशाने हा अनुभव मिळत नाही. चाकाखाली दगड द्यावाच लागतो.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. चाकोरीचा कंटाळा आणि नैराश्याचा आजार या दोन भिन्न गोष्टी आहेत. दोन आठवडे किंवा अधिक काळ मन सतत उदास असेल, झोप व भूक बिघडली असेल, आवडत्या गोष्टींतही रस उरला नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर तेथे छंद लावून घेण्याचा सल्ला अपुरा आणि कधीकधी घातकही ठरतो. अशा व्यक्तीने डॉक्टरांकडे गेले पाहिजे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू केली असून तिचा क्रमांक १४४१६ आहे. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या व शाळेच्या फलकावर लावण्यास काहीच खर्च येत नाही.

हुजूरपागेतून कोसबाडला

चाकोरी सोडण्याचे उदाहरण शोधण्यास लांब जावयास नको. आपल्याच जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात ते आहे.

अनुताई वाघ यांचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. त्या काळच्या रूढीप्रमाणे वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि थोड्याच महिन्यांत त्यांना वैधव्य आले. त्या काळातील समाजाने अशा मुलीसाठी जी चाकोरी आखून ठेवली होती ती सर्वांना माहीत आहे. अनुताई तिच्यात शिरल्या नाहीत. त्या शिकल्या आणि १९२९ साली प्राथमिक शिक्षिकेचे प्रशिक्षण पूर्ण करून नाशिक जिल्ह्यातील चांदवड भागात शिक्षिका झाल्या. १९३३ पासून त्या पुण्याच्या हुजूरपागा शाळेत होत्या. नोकरी सांभाळून, रात्रशाळेत जाऊन १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या.

येथवरची कथा जिद्दीची आहे, आणि बहुतेक चरित्रकथा येथेच टाळ्या घेतात. आपल्या विषयाच्या दृष्टीने खरा प्रसंग यानंतरचा आहे. १९४५ साली अनुताई ३५ वर्षांच्या होत्या. शिक्षकीत १६ वर्षे झाली होती. त्यांपैकी १२ पुण्यातील एका नामवंत शाळेत. नोकरी पक्की होती, मान होता. या वयात व या स्थितीत माणूस निवृत्तीपर्यंतची वर्षे मोजू लागतो. त्या वर्षी बोरिवली येथील एका शिबिरात त्यांची भेट ताराबाई मोडक यांच्याशी झाली. ताराबाई बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू करीत होत्या. अनुताईंनी पुण्यातील नोकरी सोडली आणि त्या बोर्डीला गेल्या.

ताराबाईंचे स्वतःचे उदाहरणही तितकेच बोलके आहे. १८९२ साली जन्मलेल्या ताराबाईंनी राजकोट येथील अध्यापन महाविद्यालयातील मानाची जागा सोडून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम पत्करले होते. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे दादरच्या शिशुविहारात त्यांचे काम स्थिरावले. मॉन्टेसोरी पद्धतीच्या जाणकार म्हणून त्यांचे नाव झाले होते. त्याच वेळी त्यांच्या लक्षात आले की, महागडी साधने आणि ऐसपैस खोल्या लागणारे हे शिक्षण शहरातील सुस्थित घरांपुरतेच राहत आहे. तेव्हा वयाच्या ५३ व्या वर्षी त्यांनी दादर सोडून खेडे गाठले. समुद्रकाठचे शंख-शिंपले, चिंचोके, पाने, खडे ही त्यांची नवी साधने झाली.

बोर्डीनंतर काही वर्षांनी, १९५०-६० च्या दशकाच्या उत्तरार्धात, हे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर वारली समाजाच्या वस्तीत गेले. तेथील अनुभव प्रत्येक शिक्षकाने व अधिकाऱ्याने अभ्यासण्यासारखा आहे. बालवाडी उघडली; मुले येईनात. घरात धाकटे भावंड सांभाळावयाचे असे, मोठ्या मुलांना गुरे राखावयाची असत. अशा वेळी कोणतेही कार्यालय काय करते? पटनोंदणीची मोहीम काढते, पालकांना समज देते, अहवालात पालकांच्या उदासीनतेचा उल्लेख करते आणि पुढील वर्षी हेच पुन्हा करते. ही यंत्रणेची चाकोरी होय. कोसबाडला उलट विचार झाला. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने मुलांकडे जावे. बालवाडी वस्तीतील अंगणात भरू लागली. तेथेच मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, गाणी, गोष्टी. तीच अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणात गेले, ती कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र जोडणारी विकासवाडी हाही याच विचाराचा विस्तार होता. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द भारतभर पोहोचला.

अनुताईंच्या आयुष्यात आणखी दोन वळणे आहेत. दृष्टी अधू होत चालली असतानाही १९६१ साली, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्या पदवीधर झाल्या. त्या वेळी पदवीवाचून त्यांचे काही अडलेले नव्हते. आणि १९८२ साली, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी प्रा. रमेश पानसे यांच्यासह ग्राममंगल ही नवी संस्था सुरू केली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८४ साली पद्मश्री मिळाली. ताराबाई १९७३ साली आणि अनुताई २७ सप्टेंबर १९९२ रोजी निवर्तल्या.

या चरित्रातून एक गोष्ट चुकीची उचलली जाण्याचा संभव आहे. चाकोरी सोडावयाची तर नोकरी सोडली पाहिजे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. अनुताईंवर कुटुंबाचा जो भार असू शकला असता तो नव्हता, आणि पुढे कोणते काम करावयाचे हे त्यांच्यासमोर स्पष्ट होते. कर्जाचे हप्ते व मुलांची शिक्षणे असलेल्या गृहस्थाने त्यांचे अनुकरण राजीनाम्यापासून सुरू करणे शहाणपणाचे नाही. त्यांच्याकडून घेण्यासारख्या गोष्टी दुसऱ्या आहेत. त्यांनी काम बदलले नाही, कामाची जागा बदलली. पुण्यात त्या शिकवीत होत्या, कोसबाडलाही शिकवीतच होत्या. आणि त्या एकट्या निघाल्या नाहीत. आधीच निघालेल्या एका अनुभवी व्यक्तीच्या सोबतीने निघाल्या. माझ्या मते यांपैकी दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. एकट्याने केलेले संकल्प श्रावण सोमवारच्या उपासासारखे असतात. महिना संपला की संपतात.

धक्का बसण्यापूर्वी

काही जणांना चाकोरीतून बाहेर काढण्याचे काम संकट करते. गडचिरोलीत आरोग्यसेवा करणारे डॉ. अभय बंग यांना १९९५ साली, वयाच्या पंचेचाळिशीच्या आतच, हृदयविकाराचा झटका आला. स्वतः डॉक्टर असूनही आपल्या जगण्याच्या पद्धतीकडे आपले दुर्लक्ष झाले, हे त्यांनी मोकळेपणाने लिहिले. आहार, चालणे, ध्यान आणि कामाचा ताण यांत त्यांनी केलेले बदल ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकाने असंख्य मराठी घरांत पोहोचविले. पुस्तक वाचून सकाळी फिरावयास निघालेली माणसे पुष्कळ आहेत. त्यांपैकी किती जण पुढील पावसाळ्यानंतरही फिरत राहिले, हा प्रश्न वेगळा.

सक्तीचा बदलही कधीकधी डोळे उघडतो. लंडन शहरात फेब्रुवारी २०१४ मध्ये भुयारी रेल्वेच्या कर्मचाऱ्यांनी दोन दिवस संप केला. काही स्थानके बंद राहिली आणि लोकांना पर्यायी मार्ग शोधावे लागले. अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी प्रवासाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा संप मिटल्यावरही सुमारे ५ टक्के प्रवासी नव्या मार्गानेच जात राहिल्याचे आढळले. म्हणजे वर्षानुवर्षे ही माणसे गैरसोयीच्या मार्गाने जात होती आणि दुसरा मार्ग त्यांनी कधी वापरून पाहिला नव्हता. विरारच्या प्रवाशाला गाडीचा पर्याय नाही हे खरे. परंतु स्थानकापासून घरापर्यंतचा रस्ता, जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास, रविवारची सकाळ यांना पर्याय आहेत.

लहान बदल किती काळ टिकवावा लागतो, याविषयी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ९६ जणांनी रोज करावयाची एकेक साधी गोष्ट निवडली : जेवणाबरोबर फळ खाणे, न्याहारीनंतर फिरणे, अशा. ती अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागले. पण कोणास १८ दिवस पुरले, तर कोणास २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. २१ दिवसांत सवय लागते हे ऐकीव विधान त्यामुळे गैरलागू ठरते. याच अभ्यासातील दुसरी नोंद अधिक दिलासा देणारी आहे. मधला एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात विशेष बिघाड होत नाही. आपल्याकडे एक दिवस खंड पडला की संकल्प मोडला असे समजून माणूस सगळेच सोडून देतो. ही समजूत सोडलेली बरी.

नवी गोष्ट जुन्या सवयीला बांधली तर ती लवकर रुजते, असाही अनुभव आहे. ‘मी वाचन वाढवीन’ हा संकल्प निराधार आहे. ‘गाडीने भाईंदरची खाडी ओलांडली की मी पुस्तक उघडीन’ या संकल्पाला जागा आहे, वेळ आहे आणि रोज येणारी खूणही आहे. प्रा. पीटर गोलवित्झर यांनी १९९० च्या दशकात अशा ‘जेव्हा हे होईल तेव्हा मी ते करीन’ या स्वरूपाच्या संकल्पांचा पद्धतशीर अभ्यास केला व ते मोघम संकल्पांपेक्षा अधिक पार पडतात असे दाखविले. गर्दीत पुस्तक उघडता येत नाही, ही तक्रार रास्त आहे. अशा वेळी कानाला लावून ऐकता येण्याजोगी व्याख्याने व पुस्तके आज मोबाइलवर मिळतात. गेली अनेक वर्षे याच डब्यांत काहीही साधन न घेता तोंडपाठ अभंग म्हणणाऱ्यांनी हा मार्ग केव्हाच दाखविलेला आहे.

कार्यालय, शाळा आणि पंचायत

स्वतःच्या आयुष्याबरोबर दुसऱ्यांच्या चाकोऱ्या सैल करण्याचे अधिकार या लेखाच्या वाचकांपैकी अनेकांकडे आहेत. कार्यालयप्रमुखाने वर्षानुवर्षे एकच टेबल सांभाळणाऱ्या लिपिकाचे काम बदलून पाहावे. सुरुवातीला थोडी कुरकुर होते, नस्ती शोधण्यास वेळ लागतो. परंतु सहा महिन्यांत दोन माणसे दोन कामांत तयार होतात. टेबलबदल शिक्षा म्हणून केला तर मात्र त्याचा उलटा परिणाम होतो, हे सांगणे नलगे. मुख्याध्यापकाने पंधरा वर्षे चौथीचा वर्ग घेणाऱ्या शिक्षकाला एक वर्ष पहिलीचा वर्ग द्यावा. शेजारच्या शाळेतील एखादा पाठ पाहण्यास त्याला पाठवावे. त्यास परिपत्रकाची गरज नसते.

शिक्षण अर्धवट सुटलेल्यांना आज अनुताईंच्या काळापेक्षा मार्ग सोपे आहेत. दहावी-बारावीसाठी १७ क्रमांकाचा अर्ज भरून खासगी रीतीने परीक्षेस बसता येते. पदवीसाठी १९८९ साली नाशिक येथे स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. वयाची चाळिशी-पन्नाशी गाठलेल्यांना, विशेषतः संसारात शिक्षण मागे पडलेल्या महिलांना, अर्ज कोठे मिळतो व मुदत केव्हा संपते एवढीच माहिती हवी असते. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, बचत गटाच्या अध्यक्षा यांच्या बैठकीत ती वाचून दाखवावी.

राहता राहिली ग्रामपंचायत. वसई तालुक्यात महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर अजूनही ग्रामपंचायती आहेत, आणि पालघर जिल्ह्याच्या इतर भागांत तर गावाचा सारा कारभार त्यांच्याकडेच आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे राज्यात वाचनालयांची व्यवस्था उभी राहिली. पण वाचनालय असणे आणि ते माणसांच्या उपयोगी पडणे यांत वेळापत्रकाचा प्रश्न आडवा येतो. सकाळी ११ ते सायंकाळी ५ उघडे असणारे वाचनालय गाडीने जाणाऱ्या एकाही माणसाला उघडे सापडत नाही. तो पहाटे निघतो आणि दिवेलागणीनंतर परततो. कोसबाडच्या अंगणवाडीचा न्याय येथे लावावयाचा तर, वाचनालय आठवड्यातून निदान तीन दिवस रात्री ८ ते १० उघडे ठेवावे, त्यात एक लांब बाक आणि पुरेसा उजेड असावा, आणि तेथे बसण्याची जबाबदारी गावातील एखाद्या निवृत्त शिक्षकाकडे द्यावी. मानधनाची तरतूद नसेल तर चहाचा खर्च पंचायतीने करावा. तेथे पहिल्या महिन्यात चार माणसे येतील. सभेत त्या चौघांची संख्या वाचून दाखवून हा उपक्रम बंद करण्याचा ठराव कोणीतरी मांडील. तो ६६ दिवस तरी स्थगित ठेवावा.